पंडिता रमाबाई आणि केडगावचे मराठी बायबल

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेकरिता एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र आम्ही लिहून द्यावे, अशी समितीची इच्छा दिसली. अशा प्रसंगी संत फ्रान्सिस झेवियर किंवा बाळ येशूची संत तेरेजा यांपैकी कोणाचे तरी चरित्र देण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, व ती योग्यच आहे. या खेपेस मात्र आम्ही ती मोडीत आहो. ज्या बाईचे चरित्र पुढे सांगावयाचे आहे ती आपल्या कॅथलिक धर्मसभेत कधीही आली नाही. तथापि ती आपली शेजारीण होती. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात, तर तिचे केडगाव लगतच्या दौंड तालुक्यात. आपल्यापैकी कित्येकांचे सोयरे तिकडे आहेत, केडगाव स्टेशनावरून येणेजाणे आहे; पण तेथे एका स्त्रीने आपल्या आयुष्याची शेवटली सतरा-अठरा वर्षे कशाकरिता वेचली, हे विचारले असता बहुतेक जण अनाथाश्रमाचे नाव घेतात आणि तेथेच थांबतात. आश्रम खराच, पण त्या आश्रमात एक ग्रंथ तयार झाला, आणि आम्हास त्या ग्रंथाविषयी बोलावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे व्युत्पन्न. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत असता गुरूंबरोबर पेशव्यांच्या वाड्यात जात, आणि तेथे दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी संस्कृत शिकताना त्यांनी पाहिल्या. आपल्या गावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर थोड्याच महिन्यांत ज्यांचे राज्य गेले तेच हे बाजीराव. स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकून त्या विद्यार्थ्याच्या मनात जे बी पडले, ते पुढे आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांस शिकविण्यात उगवले. त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष झाला, आणि ते बिऱ्हाड जाऊन अरण्यात बसले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच घर मोडून यात्रा सुरू झाली; वेताच्या पेटाऱ्यात घालून ते तान्हे मूल माणसाच्या डोक्यावरून डोंगर उतरले. पुढील सर्व बालपण तीर्थोतीर्थी पुराणे सांगण्यात गेले. पहाटे, उजाडण्यापूर्वी, आई मुलीला उठवून पाठ देई. अशा रीतीने भागवताचे सहस्रावधी श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले. छापील पुस्तकाचा तेथे फारसा संबंध नव्हता. शास्त्र म्हणजे कानाने ऐकावयाचे आणि कंठात ठेवावयाचे, ही तिची पहिली शिकवण. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८७० नंतरच्या दशकातील दक्षिणेतील दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण अशी तिघे एकामागून एक उपासमारीने व रोगाने गेली. उरली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास. ही दोन मुले पायी हिंडत हिंडत, हजारो मैल तुडवीत, १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढचे दुःख भराभर आले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात व प्रांत दोन्ही ओलांडून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमेचा जन्म झाला. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीही गेला.

या बंगालच्या वास्तव्यात दोन गोष्टी अशा घडल्या की ज्यांवाचून केडगावचा ग्रंथ समजावयाचा नाही. कलकत्त्यास ख्रिस्ती मंडळींच्या एका सभेत तिला बायबलाची संस्कृत प्रत भेट मिळाली. संस्कृत ही तर तिची मातृभाषेहून जवळची भाषा. ती वाचू लागली, आणि तिला काही उमजेना. शब्द संस्कृतच होते, पण ज्या संस्कृतावर ती वाढली ते हे नव्हे. विभक्ती-प्रत्यय जुळलेले, अर्थ मात्र लागत नाही. हा वेळ फुकट, असे ठरवून तिने ती प्रत बाजूस ठेवली. पुढे सिल्चर येथे पतीच्या घरी संत लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली पुस्तिका तिच्या हाती पडली. बंगाली ही तिने नुकतीच शिकलेली भाषा. परंतु ती पुस्तिका मात्र तिने आवडीने वाचली. विद्वानांच्या भाषेतील शास्त्राने जे केले नाही ते बाजारहाटाच्या भाषेतील चोपडीने केले. आम्ही या दोन पुस्तकांचा पुष्कळ वेळा विचार करतो. आमच्या समजुतीप्रमाणे केडगावच्या कामाचा पाया येथे पडला, जरी त्यानंतर वीस-बावीस वर्षे तिने त्याची वीटही उचलली नाही.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, शिक्षणाविषयीच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि स्त्रीधर्मनीति या पुस्तकाच्या विक्रीतून वाटखर्च जमवून १८८३ मध्ये मुलीसह इंग्लंडला निघाल्या. मनात वैद्यक शिकण्याचे होते, पण कान अधू असल्यामुळे ते राहिले. वाँटेज गावी अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. काशीचे पंडित व पुढे ख्रिस्ती धर्मगुरू झालेले नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या पुष्कळ शंका फिटल्या होत्या. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत व स्वतः शिकत. तेथे पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाईंनी ती हरकत निमूटपणे मानली नाही. मठातील ज्या धर्मभगिनीने त्यांना आईची माया दिली तिच्याशीही धर्मसिद्धांतांवरून पत्रोपत्री वाद झाले. अमुक पीठाने सांगितले म्हणून मान्य करावे, हे त्यांच्या स्वभावातच नव्हते. आम्ही धर्मगुरू आहो. धर्मसभेचा अधिकार ही आमच्या श्रद्धेतील गोष्ट आहे, आणि या बाबतीत बाईंची वाट आमची नव्हे, हे आडपडदा न ठेवता सांगणे आमचे कर्तव्य आहे. पण जी स्त्री दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबत नाही तीच एके दिवशी मूळ हिब्रू उघडून बसते, हेही तितकेच खरे.

त्या इंग्लंडात होत्या त्याच काळात, १८८५ च्या मे महिन्यात, इंग्रजी बायबलाच्या सुधारलेल्या आवृत्तीचा जुना करार प्रसिद्ध झाला. नवा करार १८८१ सालीच निघाला होता. इंग्रज लोकांस त्यांचे बायबल कसे मिळाले, ही कथा येथे थोडक्यात सांगितली पाहिजे; कारण आपल्यापैकी पुष्कळांस वाटते की इंग्रजी बायबल हे जणू मूळचेच इंग्रजीत उतरले. विल्यम टिंडल याने ग्रीकवरून केलेला नवा करार १५२६ मध्ये परदेशी, वर्म्स येथे छापून चोरून इंग्लंडात नेला, आणि १५३६ साली त्यास गळा आवळून मारून त्याचे प्रेत जाळले. त्यात आपल्या बाजूच्या लोकांचाही हात होता. ते लपविण्यात अर्थ नाही. नंतर पारडे फिरले, आणि कॅथलिक विद्वानांस देश सोडावा लागला. विल्यम अ‍ॅलन यांनी १५६८ मध्ये दुवे या गावी त्यांच्यासाठी सेमिनरी काढली. काही वर्षे ती ऱ्हीम्स शहरी हलली होती. तेथे ग्रेगरी मार्टिन या पंडिताने लॅटिन व्हल्गातावरून सबंध बायबल इंग्रजीत आणले. नवा करार १५८२ मध्ये निघाला. जुना करार तयार असूनही पैशाअभावी १६०९-१० पर्यंत पडून राहिला. त्यानंतर १६११ मध्ये राजा जेम्सची प्रसिद्ध आवृत्ती आली. मार्टिनचे भाषांतर इतके शब्दशः होते की कित्येक लॅटिन शब्द त्याने तसेच ठेवले, आणि साधा इंग्रज वाचक अडखळू लागला. सुमारे दीडशे वर्षांनी, १७४९ ते १७५२ या काळात, बिशप चॅलोनर यांनी ते घासूनपुसून वाचनीय केले. आमच्या आजोळच्या पिढीतील इंग्रजी जाणणाऱ्या धर्मगुरूंच्या हाती जे दुवे बायबल असे, ते वास्तविक बरेचसे चॅलोनरचेच. मार्टिनने असे का केले? देवाच्या शब्दात आपला एकही शब्द मिसळू नये, या भयाने. हे भय पुढे केडगावीही भेटणार आहे.

१८८६ मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. त्याच वर्षी त्याच देशात ज्यूलिया स्मिथ नावाची एक वृद्धा वारली. कनेक्टिकट प्रांतातील या बाईने हिब्रू, ग्रीक व लॅटिन शिकून एकटीने संपूर्ण बायबलाचे इंग्रजी भाषांतर केले होते, आणि १८७६ साली ते स्वखर्चाने छापविले होते. संपूर्ण बायबल इंग्रजीत आणणारी ती पहिली स्त्री. या दोघींची गाठ पडली असती तर काय बोलणे झाले असते, असा विचार आमच्या मनात येऊन जातो, असो.

अमेरिकेत तीन वर्षे व्याख्याने देऊन, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ साली इंग्रजी पुस्तक लिहून, व बोस्टन येथे साहाय्यक मंडळ उभे करून त्या परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होत असल्याच्या वादावरून रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले, केसरीने झोड उठविली, आणि पालकांनी पुष्कळ मुली परत नेल्या. हा इतिहास पुणेकरांस पाठ आहे. आम्ही त्यात शिरत नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. ज्या स्त्रीने आईबाप अन्नावाचून मरताना पाहिले होते तिला घरी बसवेना. मध्यप्रांतात जाऊन तिने सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींस ठेवणे शक्य नव्हते. केडगावची जमीन घेतलेली होती, तेथे तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या, आणि १८९८ पासून मुक्तिसदन नावारूपास आले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, मळा, दुग्धालय, माग, आणि छापखाना. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या, यंत्र चालविणाऱ्या व पुस्तके बांधणाऱ्या सर्व बायकाच होत.

याच बायकांपुढे बायबल वाचले जाई, आणि येथे अडचण उभी राहिली. मराठीत बायबल तोवर होते. कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथून विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये संत मत्तयचे शुभवर्तमान व १८११ मध्ये नवा करार मराठीत काढला होता. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या व बायबल सोसायटीच्या मंडळींनी १८४७ पर्यंत संपूर्ण ग्रंथ सिद्ध केला होता, व त्यात सुधारणाही होत होत्या. हे उपकार मोठे आहेत. परंतु पंडितांच्या साहाय्याने झालेल्या त्या मराठीत संस्कृत शब्दांचा भरणा पुष्कळ. ते शब्द रमाबाईंस परके नव्हते. उलट त्यांचा एकेक पदर त्यांस ठाऊक होता, आणि त्यांचा आक्षेप नेमका तेथेच होता. वेदान्तातील शब्द घेतला की त्याबरोबर वेदान्तातील अर्थही घरात शिरतो, असे त्यांचे मत. शिवाय दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकती झालेल्या खेड्यातील बाईस तो शब्द कळतच नाही. तेव्हा मूळ भाषांवरून, साध्या मराठीत, नव्याने भाषांतर करावे, असा त्यांनी निश्चय केला. १९०४-०५ च्या सुमारास काम सुरू झाले. पंचेचाळिशी उलटलेली, बहिरेपण वाढलेली, दोन हजार माणसांचा संसार चालविणारी ही स्त्री हिब्रू व ग्रीक व्याकरण घेऊन बसली. सेमिनरीत आम्ही तरुण वयात, कोणताही प्रपंच अंगावर नसता, ग्रीक क्रियापदांशी झगडलो आहो; त्यामुळे हे वाक्य लिहिताना आमचा हात थबकतो.

शब्दांच्या निवडीविषयी बाईंचे सर्वस्वी बरोबर होते, असे मात्र आम्हास वाटत नाही. त्यांच्या आधी तीनशे वर्षे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय, ज्यांनी १५७९ पासून मरेपर्यंत गोव्यात सेवा केली, त्यांनी अगदी उलट मार्ग धरला होता. मार्टिनच्या पिढीतीलच हे गृहस्थ. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेले त्यांचे क्रिस्तपुराण हे भाषांतर नव्हे, ओवीबद्ध कथन आहे. पण वैकुंठासारखा शब्द त्यांनी बेधडक घेतला आणि त्यात ख्रिस्ती अर्थ भरला. पुराणाच्या ओवीतून प्रभू येशू येथल्या माणसांच्या कानी गेला, आणि तो परका वाटला नाही. शब्द हे भांड्यासारखे असतात. कालचे ताक धुऊन त्यात आजचे दूध घालता येते, हा स्टीफन्स यांचा अनुभव. वास जात नाही, हे रमाबाईंचे म्हणणे. गंमत अशी की इतकी सावध असणाऱ्या बाईंनी आपल्या वसाहतीस नाव दिले ते मुक्ती! हा शब्द कोठून आला हे त्यांच्याहून कोणास अधिक ठाऊक होते?

दुसरी गोष्ट. त्यांचे शब्द साधे, पण वाक्यरचना मूळ हिब्रूच्या इतकी मागोमाग जाते की मराठी कान पुष्कळ ठिकाणी अडतो. येथे ग्रेगरी मार्टिनचे भय पुन्हा दिसते: आपल्या पदरचे काही मिसळू नये. प्रत्येक शब्दास शब्द देण्याच्या हट्टाने जी भाषा आली ती खेड्यातील बाईची खरी बोली नव्हे, आणि ग्रांथिकही नव्हे. बाईंच्या मूळ हेतूला त्यांच्याच प्रामाणिकपणाने थोडा अडथळा केला, असे आम्ही नम्रपणे म्हणतो. तथापि या दोषामुळेच अभ्यासकास ते पुस्तक उपयोगी पडते. मुळात काय आहे हे त्यात पारदर्शकपणे दिसते. रविवारच्या उपदेशाची तयारी करताना एखादे वचन अडले तर आम्ही ती प्रत काढतो, हे येथे कबूल करून टाकतो.

काम सुमारे सतरा वर्षे चालले. नवा करार आधी छापून निघाला. जुन्या कराराचे खिळे जुळत होते, मुद्रिते तपासली जात होती. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले; बाईंस त्याचे फारसे काही वाटल्याचे दिसत नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. जिच्या हाती सर्व कारभार सोपवावयाचा ती चाळीस वर्षांची मुलगी आईच्या आधी गेली. त्यानंतरही बाई दररोज हिब्रूपुढे बसत राहिल्या. शेवटच्या पानांचे मुद्रित तपासून झाल्यावर थोड्याच अवधीत, ५ एप्रिल १९२२ रोजी, झोपेतच त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये, त्यांच्या पश्चात, मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. आपले भाषांतर बांधून तयार झालेले त्यांनी पाहिले नाही. ग्रेगरी मार्टिननेही पाहिले नव्हते, तो १५८२ मध्येच क्षयाने गेला होता.

आपल्या धर्मसभेत पोप बाराव्या पायस यांनी १९४३ मध्ये मूळ भाषांवरून बायबलाच्या अभ्यासास प्रोत्साहन दिले, तेव्हा रमाबाई जाऊन एकवीस वर्षे झाली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर ख्रिस्ती बांधवांच्या सहकार्याने भाषांतरे करण्यास मोकळीक दिली. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल हे आजच्या मराठीत आणले. तेच २०२० साली उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये प्रभूघरी गेले. त्यांच्या ग्रंथाची मराठी वाहती आहे, कोणीही वाचावी.

महोत्सवाच्या दिवशी पवित्र मिस्सा आटोपल्यावर मंदिराच्या दाराशी एका मेजावर तीन पुस्तके मांडून ठेवली जातील: क्रिस्तपुराणाची नागरी आवृत्ती, रमाबाईंचे बायबल, आणि सुबोध बायबल. दोन्ही बायबलांत संत लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, उधळ्या मुलाचा, उघडून ठेवण्यास आम्ही सांगितले आहे. ज्यांस वाचता येते त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध मातांस तो दोन्ही पुस्तकांतून मोठ्याने वाचून दाखवावा, आणि कोणता अधिक कळला ते आम्हास येऊन सांगावे. केडगावच्या प्रतीचा कागद फार जीर्ण झाला आहे. पाने उलटताना बोटास थुंकी लावू नये.